वायफाय फुल दिसतंय, पण नेट चालत नाही: बिघाड क्रमाने कसा शोधायचा

राउटर बंद करून चालू केला की नेट येतं, काही तासांनी पुन्हा जातं, मग पुन्हा बंद-चालू. घरच्या नेटवर्कची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. बंद-चालू केल्याने लक्षण तेवढं जातं. सैल पिन, थकलेला अडॅप्टर किंवा एकाच पत्त्यावर बसलेले दोन राउटर जागच्या जागी राहतात, म्हणून तक्रार परत येते.

खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात आणि किचकट भागाकडे जातात. शक्यतो हाच क्रम ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर नेट आलं, तर नेमकं कशाने आलं ते कधीच कळत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

"नेट नाही" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. घरातल्या दोन-तीन उपकरणांवर एकाच वेळी पाहा आणि खालीलपैकी काय जुळतं ते ठरवा.

- एकाच फोनवर किंवा लॅपटॉपवर नेट नाही, बाकी सगळीकडे चालू. राउटरला हात लावू नका, दोष त्या उपकरणात किंवा त्याच्या पत्त्यात आहे.
- वायफायचं नावच सगळीकडून गायब होतं आणि दोन-तीन मिनिटांनी परत येतं. राउटर स्वतःहून रीस्टार्ट होतोय.
- नाव दिसतं, जोडणीही होते, पण "इंटरनेट नाही" असा इशारा येतो. बिघाड राउटरच्या पलीकडे असण्याची शक्यता जास्त.
- फक्त ५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर नाहीसं होतं, २.४ चालू राहतं. हे चॅनेलचं (वायफाय ज्या अरुंद पट्ट्यावर बोलतं त्याचं) काम आहे.
- काही साइट लगेच उघडतात, काही अर्धवट लोड होऊन अडकतात. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सोय) किंवा एमटीयू (एका पाकिटात जास्तीत जास्त किती माहिती मावते तो आकडा).
- वेगाचा प्लॅन मोठा, पण मोजणी कायम ९४-९५ एमबीपीएसच्या आसपास थांबते. केबल.
- कोणी फोटो किंवा व्हिडिओ अपलोड करायला लागलं की सगळ्यांचे कॉल अडकतात. अपलोडची वाट भरतेय.

दिवे

फायबर कनेक्शनमध्ये बाहेरून आलेली बारीक फायबर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. काही घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात, काही ठिकाणी दोन वेगळे डबे असतात. दिव्यांचे रंग उत्पादकागणिक थोडे बदलतात, पण पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असणं ही बहुतेक ठिकाणी चांगली खूण. तो लुकलुकतच राहिला, तर डब्याची नेट देणाऱ्या कंपनीकडच्या यंत्राशी नोंदणी पूर्ण होत नाही. एलओएस दिवा लाल झाला, तर फायबरमधून पुरेसा प्रकाशच येत नाही. तुमच्या हातात एवढंच: फायबर कुठे फर्निचरखाली दाबली गेलीय का, घडी पडलीय का, प्लग अर्धवट निघालाय का ते पाहणं. साधारण ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण फायबरला सहन होत नाही, प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. वळण सैल करूनही दिवा लालच राहिला, तर पुढच्या सगळ्या तपासण्या सोडा आणि थेट कंपनीला कळवा. फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

राउटरवर आणखी एक गोष्ट पाहा. लॅनचे (घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टचे) सगळे दिवे एकदम, न थांबता, वेड्यासारखे लुकलुकत असतील तर नेटवर्कमध्ये फेरा तयार झालाय. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच राउटरमध्ये किंवा स्विचमध्ये खोचली गेली की असं होतं. साफसफाईनंतर "मोकळी वायर" म्हणून कोणीतरी टोक परत खोचतं आणि सगळं घर बंद पडतं. ते एक टोक काढलं की काही सेकंदांत नेट येतं.

बंद-चालू, पण क्रमाने

ओएनटी किंवा मोडेम आणि राउटर दोन्ही बंद करा. ३० सेकंद थांबा. आधी ओएनटी चालू करा आणि त्याचा पॉन दिवा स्थिर होईपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं, वाट पाहा. मगच राउटर चालू करा. क्रमाचं कारण साधं आहे: राउटर सुरू होताच बाहेरून पत्ता मागतो. ओएनटी किंवा मोडेम तेव्हा तयार नसेल तर काही राउटर बराच वेळ पुन्हा विचारत नाहीत. वीज जाऊन आल्यावर नेट "कधी येतं, कधी नाही" असं ज्यांच्याकडे होतं, त्यांच्याकडे अनेकदा हेच कारण निघतं, कारण वीज येताच दोन्ही डबे एकाच क्षणी उठतात.

राउटर बदलल्यावर नवीन राउटर जोडला जात नसेल तर मोडेमही बंद-चालू करायला हवा. काही मोडेम पहिल्यांदा दिसलेल्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) लक्षात ठेवतात. काही कंपन्या तो आपल्या नोंदीतच बांधून ठेवतात. तिथे त्यांना सांगून नवीन पत्ता नोंदवून घ्यावा लागतो, किंवा राउटरच्या सेटिंगमधल्या मॅक क्लोन सोयीने जुना पत्ता वापरावा लागतो.

केबल आणि तिची आठ टोकं

ओएनटीपासून राउटरच्या वॅन पोर्टपर्यंत (बाहेरचं नेट इथून आत येतं) जाणारी छोटी केबल सगळ्यात कमी लक्षात घेतली जाते आणि सगळ्यात जास्त त्रास देते. प्लग काढून उजेडात धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ रंगीत तारा आणि टोकाला आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. वरची लवचीक पट्टी तुटली असेल तर प्लग पोर्टमध्ये "टक" करून अडकत नाही आणि कोणी टेबलाला धक्का दिला की सुटतो. केबलचं बाहेरचं आवरण प्लगच्या आतपर्यंत गेलेलं हवं. प्लगच्या मागे रंगीत तारा उघड्या दिसत असतील तर सगळा ताण त्या बारीक तारांवर येतो आणि एखादी आतल्या आत सुटते.

इथे एक उपयोगी गोष्ट आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवरच्या. गिगाबिटला आठही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर नेट बंद पडत नाही, फक्त जोडणी १०० वर उतरते आणि मोजणी ९४-९५ च्या पुढे सरकत नाही. लोक प्लॅनवर शंका घेतात, तक्रार करतात, आणि बिघाड हातभर केबलमध्ये असतो. लॅपटॉप केबलने जोडून नेटवर्कच्या गुणधर्मांत लिंक स्पीड पाहा. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर कॅट ५ई किंवा त्यावरची दुसरी केबल लावा. तरीही १००च दिसलं, तर राउटरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. काही राउटरची पोर्टंच १०० एमबीपीएसची असतात, ते खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

तीन पिंग: बिघाड कोणत्या टप्प्यात आहे

एकच तपासणी करायची असेल तर ही करा. फुकट आहे, पाच मिनिटांत होते आणि अर्ध्याहून जास्त अंदाजबाजी संपवते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. डिफॉल्ट गेटवेसमोरचा आकडा म्हणजे राउटरचा पत्ता, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटी विचारणा पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते पाहणं. मग पिंग (ping), जागा, आणि पत्ता असं टाइप करून तीन ठिकाणी पिंग करा.

पहिलं, राउटरच्या पत्त्यावर. केबलवर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं, वायफायवर साधारण २ ते १०. मध्येच शंभर-दोनशेवर उडी गेली किंवा उत्तर गळलं, तर बिघाड घरातच आहे, कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. "डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल" आलं आणि ते तुमच्याच पत्त्यावरून आलं, तर तुमच्या उपकरणाला राउटर सापडतच नाहीये. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे विचारणा गेली, उत्तर परतलं नाही.

दुसरं, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ वर, हे घराबाहेरचे, सगळ्यांसाठी खुले पत्ते आहेत. राउटरचं पिंग स्वच्छ आणि हे मात्र गळतंय, तर तुटलेला भाग राउटरच्या पलीकडे.

तिसरं, एखाद्या साइटच्या नावावर. आकड्यांवर पिंग जातंय आणि नावावर "सापडलं नाही" येतंय, तर लाइन ठणठणीत आहे, फक्त डीएनएस बिघडलंय.

नेट अधूनमधून जात असेल तर आज्ञेच्या शेवटी जागा, वजाचं चिन्ह आणि टी हे अक्षर द्या, पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. दोन खिडक्या उघडून एकीत राउटर, दुसरीत ८.८.८.८ लावून ठेवा. नेट गेलं त्या क्षणी कोणती खिडकी आधी अडखळली ते पाहिलं की टप्पा कळतो. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा.

यासोबत ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून उघडणाऱ्या त्याच्या पानावर जाऊन दोन आकडे बघा: राउटर किती वेळ चालू आहे, आणि वॅन जोडणी किती वेळ टिकून आहे. कोणी हात लावला नसताना राउटरचाच आकडा तासा-दोन तासांचा दिसला, तर तो स्वतः पडतोय: वीज, अडॅप्टर, उष्णता. राउटर आठवडाभर चालू, पण वॅन वीस मिनिटांपूर्वी जोडलं गेलंय, तर लाइन पडतेय. या दोन आकड्यांचा फरक एवढं स्पष्ट बोलतो, तरी पाहिला मात्र फार कमी जातो.

वायफाय

राउटरच्या पिंगमध्येच गळती दिसली तर इथे या. राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभं राहून तेच पिंग पुन्हा करा. जवळ स्वच्छ आणि खोलीत खराब, तर प्रश्न अंतराचा किंवा आडव्या भिंतीचा. सिग्नल मोजणाऱ्या ॲपमध्ये वजा ५० च्या आसपास म्हणजे उत्तम, वजा ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतात, वजा ७५ च्या खाली जोडणी दिसते पण टिकत नाही. राउटर लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नका. उघड्यावर, छातीच्या वरच्या उंचीवर, घराच्या मध्याकडे ठेवा.

जवळ असूनही खराब असेल तर चॅनेल पाहा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. "ऑटो" सोडून त्यातलं सगळ्यात कमी गर्दीचं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. दाट वस्तीत ४० ठेवली तर वेग वाढत नाही, शेजारच्या नेटवर्कशी टक्कर वाढते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. नेट ठरावीक वेळी, पाच-दहा मिनिटंच अडकत असेल तर त्या वेळी ओव्हन चालू असतो का बघा. राउटरच्या मागे यूएसबी ३ ची डिस्क लावली असेल तर ती काढून बघा, तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट पसरतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ ही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. रडारसारखा सिग्नल दिसला की राउटरला ते चॅनेल लगेच सोडावं लागतं. तशाच दुसऱ्या चॅनेलवर गेला तर सुरू करण्यापूर्वी किमान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं. ५ गिगाहर्ट्झचं नाव अधूनमधून मिनिटभर गायब होण्याचं कारण हेच. चॅनेल ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर पक्कं करा.

जुना प्रिंटर किंवा कॅमेरा जोडलाच जात नसेल, तर सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का बघा. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच अडकत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू द्या" ही खूण काढा.

पत्त्यांचा गोंधळ आणि दुसरा राउटर

उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि उपकरणाने स्वतःच एक घेतलाय. त्याने नेट चालणार नाही. आयपीकॉन्फिगला जागा आणि तिरकी रेघ देऊन आधी रिलीज (/release), मग रिन्यू (/renew) जोडून नवीन पत्ता मागा.

हे पुन्हा पुन्हा होत असेल तर घरात पत्ते वाटणारे दोन राउटर आहेत का बघा. दूरच्या खोलीसाठी जुना राउटर लावलेल्या घरांत हा बिघाड हमखास सापडतो. कधी पत्ता पहिला देतो, कधी दुसरा. ज्याला चुकीचा मिळाला त्याचं नेट बंद, आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच कोणाचं. इलाज असा: दुसरा राउटर मुख्य राउटरपासून सोडवून, एकट्या लॅपटॉपला जोडून त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर), डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, आणि मगच मुख्य राउटरची केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. त्यात ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पसरवणारा) मोड असेल तर तो निवडला की हे सगळं आपोआप होतं, केबल कुठे लावायची ते तेवढं त्याच्या माहितीपत्रकात पाहा.

प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला हाताने पत्ता दिला असेल तर तो राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा हवा. राउटरला १०० ते १९९ वाटू द्या, हाताने दिलेले पत्ते १० ते ९९ मध्ये ठेवा.

डीएनएस आणि एमटीयू

डीएनएसचा इलाज सोपा: राउटरच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा, आणि संगणकावर आयपीकॉन्फिगला तसंच फ्लशडीएनएस (/flushdns) जोडून जुन्या नोंदी पुसा.

एमटीयू कमी लोकांना माहीत असतो. युजरनेम-पासवर्ड लागणारी पीपीपीओई जोडणी दर पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी वापरते, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ उरतात. राउटरमध्ये १५००च राहिलं तर लहान पाकिटं जातात, मोठी अडकतात, आणि साइट अर्धवट उघडतात. तपासण्यासाठी ८.८.८.८ ला वजा एफ, वजा एल १४६४ देऊन पिंग करा. १४६४ मध्ये शीर्षकाचे २८ मिळवले की १४९२ होतात. हे गेलं आणि १४७२ अडलं, तर राउटरमध्ये १४९२ भरा. १४६४ सुद्धा अडलं तर दहा-दहाने उतरत जा, जे जाईल त्यात २८ मिळवून तो आकडा भरा.

अपलोड भरतंय का

८.८.८.८ वर पिंग चालू ठेवून फोनवरचा फोटो बॅकअप सुरू करा. वेळ २० वरून चारशे-पाचशे मिलिसेकंदांवर गेली, तर अपलोडच्या रांगेत बाकी सगळं अडकतंय. राउटरमधल्या क्यूओएस सोयीत (कशाला किती वेग द्यायचा ते ठरवणाऱ्या) अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, किंवा बॅकअप रात्री चालवा. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दिवसभर बाहेर पाठवलं जात असेल तर आधी तेच पाहा.

अडॅप्टर आणि उष्णता

राउटरचा चालू असण्याचा आकडा वारंवार शून्यावर येत असेल तर अडॅप्टर बदलून पाहा. अडॅप्टरमधले कपॅसिटर काही वर्षांत थकतात. राउटर निवांत असताना व्होल्टेज ठीक राहतो, चार-पाच जण व्हिडिओ बघू लागले की खाली घसरतो आणि राउटर रीस्टार्ट होतो. दिवा पेटतोय म्हणून अडॅप्टर चांगला, असं समजू नका. नवीन घेताना व्होल्टेज अगदी तोच हवा, अँपिअर तितकेच किंवा जास्त, आणि पिनेचा माप व ध्रुव जुळायला हवा. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी १२ व्होल्ट २ अँपिअर चालतो. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा लावला तर राउटर जळू शकतो. अडॅप्टर उघडू नका, आत घरगुती विजेचा पूर्ण दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ भार उरतो.

राउटर हाताला चटका देण्याइतका गरम असेल तर त्यावरचा दुसरा डबा उचला, छिद्रं मोकळी करा.

लॉगिन, फर्मवेअर, रीसेट

वॅनचा पत्ता ०.०.०.० दिसत असेल तर बाहेरून पत्ता मिळालेला नाही. पीपीपीओईवर ६९१ ही चूक आली तर युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला गेलाय. वीज अचानक गेल्यावर कंपनीकडे जुनं सत्र अडकून राहिलं तरीही कधी कधी हीच चूक येते. राउटर बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

फर्मवेअर (राउटरच्या आत चालणारा प्रोग्राम) फक्त उत्पादकाच्या साइटवरूनच, अगदी त्याच मॉडेलचं आणि त्याच आवृत्तीच्या हार्डवेअरचं घ्या, केबलने जोडून टाका. मध्येच वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो.

रीसेटची बारीक पिन शेवटी. ती दाबण्याआधी पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक कागदावर उतरवून घ्या आणि सेटिंगचा बॅकअप काढा. कंपनीने दिलेल्या ओएनटीची रीसेट पिन दाबूच नका. त्यातली नोंदणी पुसली गेली तर त्यांचा माणूस येईपर्यंत पूर्ण नेट बंद राहतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एलओएस लाल आहे. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा वजा २७ डीबीएमच्या खाली, म्हणजे वजा २८, वजा ३० असा आहे (साधारण वजा १५ ते वजा २५ असेल तर चिंता नाही). फायबर तुटलीय किंवा चिरलीय. ती जोडायला वेगळं यंत्र लागतं, चिकटपट्टीने जमत नाही. वीज कडाडल्यानंतर वॅन पोर्ट मेलंय. डब्यातून जळका वास येतोय. त्याचा प्लग लगेच काढा. खांबावरच्या किंवा गच्चीवरून गेलेल्या वायरला तर कधीच हात लावू नका. आणि केबलने थेट जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटरचं पिंग स्वच्छ, ८.८.८.८ चं गळतंय, असं दोन-तीन वेगळ्या वेळी दिसलं, तर घरातलं तुमचं काम संपलं.

तक्रार करताना नेट गेल्याच्या वेळा, दोन्ही पिंगचे आकडे, वॅन किती वेळ टिकलं तो आकडा, प्रकाशाचा आकडा आणि लॉगमधली चूक सांगा. "बंद-चालू करून बघा" इथे संभाषण थांबत नाही आणि येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो. दुरुस्तीनंतर चार-पाच दिवस राउटरचा आणि वॅनचा चालू असण्याचा आकडा रोज एकदा पाहा. दोन्ही सोबतच वाढत असतील तर बिघाड गेला. वॅनचा आकडा मागे पडला तर त्याच तक्रार क्रमांकावर पुन्हा कळवा, नवीन तक्रार नोंदवू नका.